विंडोलांडाच्या चिखलात

रविवार

न्यूकासलहून कार्लाइलकडे जाणारी छोटी गाडी टाइन नदीच्या काठाकाठाने जाते. हेक्सहॅमला बरेचसे लोक उतरून गेले आणि बार्डन मिलला खाली उतरणारी मी एकटीच. दोन फलाट, एक बाकडं, पलीकडे कुरणात मेंढ्या. मुक्काम टेकडीच्या अंगाला होता, म्हणून सॅक पाठीला मारून चढ चढायला लागले. विंडोलांडाच्या रोमन किल्ल्याजवळ आल्यावर रस्त्याकडेला रोमनांनी रोवलेला मैलाचा दगड लागला. अजून जागच्या जागी उभा आहे, अंगावर एक अक्षर दिसत नाही. बाजूने गाड्या जातात, कोणी ढुंकूनही बघत नाही.

इथे उत्खननाला येतेय हे घरी सांगितलं तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, "पदरचे पैसे भरून परक्या देशात माती उकरायला चाललीस? परड्यातलं गवत काढ म्हटलं की तुझी कंबर धरते." आईचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. इथे खरंच पैसे भरून खोदावं लागतं, आणि त्यासाठीही जागा आदल्या वर्षीच भरून जातात.

विंडोलांडा हा उत्तर इंग्लंडमधला रोमन सैन्याचा किल्ला, रोमन सम्राट हेड्रियनने सरहद्दीवर बांधलेल्या भिंतीपासून जेमतेम दोन किलोमीटर दक्षिणेला. किल्ला भिंतीहून जुना. भिंतीचं काम इसवी सन 122 मध्ये सुरू झालं आणि इथली पहिली लाकडी तटबंदी 85च्या सुमाराला उभी राहिली. त्यानंतर रोमन अंमल संपेपर्यंत एकाच जागेवर एकावर एक असे नऊ किल्ले झाले. पलटण बदलली की जुना किल्ला पाडायचा, मोडतोड तिथेच सपाट करायची, वर चिकणमाती आणि गवतासकट कापलेली ढेपळं अंथरायची आणि त्यावर नवा किल्ला बांधायचा, अशी पद्धत होती. हे अंथरण नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा त्याच्यावरच उभी आहे.

जागा सरकारी नाही. एरिक बर्ली या पुरातत्त्वज्ञाने 1929 मध्ये ही जमीन विकत घेतली. 1970 मध्ये ट्रस्ट झाला, मुलगा रॉबिन याने आयुष्य इथेच घातलं आणि आता नातू अँड्र्यू उत्खनन बघतो. वाड्याच्या पडक्या भिंतीवरून तीन पिढ्या कोर्टात भांडणारी घराणी आपण पाहिली आहेत. तीन पिढ्या एकच शेत खोदणारं घराणं विरळा.

सोमवार

सकाळी हत्यारं मिळाली: थापी, बादली, गुडघ्याखाली घ्यायला रबरी चटई. थापी म्हणजे अगदी गवंड्याची असते तीच, फक्त टोकाला लहान आणि पात्याला कडक. टोकाने टोचायचं नाही. पात्याची लांब कड जमिनीला लावून माती आपल्याकडे ओढायची, एका वेळी बोटाच्या पेराहूनही कमी. खड्डा करायचा नाही, सगळीकडून सारखं खाली जायचं. सुटलेली माती बादलीत, बादली एकचाकी गाडीत, गाडी फळ्यांवरून ढकलत ढिगावर. चढावर फळी ओली असली की गाडी आपल्याला घेऊन मागे येते.

माझ्या शेजारी यॉर्कशायरचे एक निवृत्त भूगोलाचे शिक्षक होते. वर्षानुवर्षं येणारे. त्यांना मी मनातल्या मनात मास्तर म्हणू लागले आणि ते शेवटपर्यंत मास्तरच राहिले. त्यांनी पहिल्या तासात शिकवलं ते असं की वस्तू शोधू नकोस, रंग बघ. तपकिरी मातीत मध्येच काळपट गोल दिसला तर तिथे कधीकाळी खांब होता. खांब कुजून गेला, पण त्याच्या जागी भरलेली माती वेगळी राहिली. असे चार गोल एका ओळीत आले की भिंत झाली. राखाडी पट्टा आला की चूल, तांबूस भाजलेली माती आली की चुलीचा तळ. घर गेलं तरी घराचा आराखडा मातीच्या रंगात उरतो, आणि आपण अधाशासारखं भराभर खोदलं तर तोच आपल्या हाताने पुसतो.

आम्ही दगडी बराकींच्या वरच्या थरात होतो. हा तिसऱ्या शतकातला शेवटचा दगडी किल्ला. गॉल म्हणजे आजच्या फ्रान्सकडून आलेल्या चौथ्या पलटणीने तो 213च्या आसपास बांधला. दिवसभरात हाती लागलं ते असं: गंजून दुप्पट जाड झालेले खिळे, गुराढोरांची हाडं, करड्या मडक्यांचे काठ. हाडांना कोणी हात जोडत नाही. पण ती सगळी ट्रेमध्ये जातात, कारण कापल्याच्या खुणांवरून खाटीक कसा तोडत होता ते कळतं आणि दातांवरून जनावराचं वय. ट्रेवर थराचा क्रमांक लिहिलेली पट्टी असते. पट्टी हरवली तर ट्रेमधला माल फुकट. सोन्याचं नाणं असलं तरी ते कुठल्या थरातून आलं हे माहीत नसेल तर त्याची किंमत बाजारातल्या सोन्याएवढीच.

संध्याकाळी गुडघे वाकेनात.

मंगळवार

पाऊस. आडवा, वाऱ्यासकट, आपल्याकडच्या घाटमाथ्यावर पडतो तसा, फक्त थंड. चर पाण्याने भरला म्हणून आम्हाला छपराखाली खापरं धुवायला बसवलं. टबात पाणी, हातात जुना दातांचा ब्रश. तुटलेल्या कडा आधी घासायच्या, कारण मडकं कुठल्या मातीचं ते कडेवर कळतं. रंगाचा किंवा अन्नाचा थर वाटला तर ब्रश खाली ठेवून विचारायचं.

करड्या ढिगात मध्येच एखादं लालचुटूक, तुळतुळीत खापर येतं. या भांड्यांना सेमियन म्हणतात, ती गॉलमधून आलेली. त्या कारखान्यांत कुंभार तळाला आपल्या नावाचा शिक्का मारत, आणि शिक्क्यावरून मडकं कुठल्या गावचं, साधारण कुठल्या दशकातलं हे सांगता येतं. तारीख लावायला नाण्याइतकंच उपयोगी. सैनिकाच्या हातून थाळी फुटली, त्याने ती शिवी देऊन खंदकात फेकली असेल आणि आज त्याच तुकड्यावर त्याच्या बराकीची तारीख ठरते.

धुता धुता मला कोल्हापूर आठवत होतं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940च्या दशकात सापडलेला पोसायडनचा लहानसा ब्राँझचा पुतळा टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. शाळेच्या सहलीत तो पाहिला होता आणि हा समुद्रदेव पंचगंगेकाठी काय करतोय असं वाटलं होतं. रोमशी चालणाऱ्या ज्या व्यापारातून तो आला त्याचं एक टोक तेर-पैठणला होतं आणि दुसरं टोक या पावसात. शेजारच्या ताईंना हे सांगितलं तर त्यांनी ब्रश थांबवून पैठण म्हणजे कुठे ते नकाशावर दाखवायला लावलं.

बुधवार

आज खालच्या चरात जायला मिळालं. ज्यासाठी लोक परत परत येतात तो हा थर.

शिडीने उतरलं की आधी वास येतो. गोठा, सडकी अंडी आणि ओलं चामडं यांचा मिळून. पाण्याचा पंप एका कोपऱ्यात सतत चालू. माती काळी, लोण्यासारखी कापली जाणारी. थापी इथे बाजूलाच ठेवतात, कारण पातं कधी लाकडातून आरपार जाईल सांगता येत नाही. कुदळीने सुटे केलेले ढेकळासारखे तुकडे हातात घ्यायचे आणि बोटांनी हळूहळू उकलायचे. मधल्या पदरात नेच्याची पानं निघाली. जमिनीवर अंथरायला सैनिक टेकडीवरून नेचा कापून आणत, घाण झाला की वरून आणखी टाकत. पदर सुटला त्या क्षणी पानांना पिवळसर हिरवट झाक होती. मी मास्तरांना हाक मारेपर्यंत ती तपकिरी झाली आणि थोड्याच वेळात काळी. हवा लागली, संपलं. त्याच पदरात माशांचे रिकामे कोषही होते, मोहरीएवढे. म्हणजे बराकीत माशा घोंगावत होत्या आणि कोणी साफसफाईचं मनावर घेत नव्हतं.

रविवारी सांगितलेलं अंथरण आठवा. चिकणमाती आणि गवताची ढेपळं यांनी खालचा थर वरून बंद झाला. खाली पाणी साचलेलं, वरून हवा नाही. लाकूड, चामडं, कापड कुजवणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू लागतो, तो मिळालाच नाही. म्हणून वरच्या थरात, जो वयाने लहान आहे, फक्त दगड, लोखंड आणि खापर उरलं. खालच्या, त्याहून शतकभराने जुन्या थरात मात्र लाकडी कंगवे, दोऱ्या, तंबूचं चामडं आणि पाच हजारांहून जास्त पादत्राणं टिकली. 2014 मध्ये इथे शौचालयाची लाकडी बैठक निघाली, बसून बसून गुळगुळीत झालेली. 2017 मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या चामडी पट्ट्या. अशा वस्तू रोममध्येसुद्धा सहजी मिळत नाहीत, कारण रोमच्या जमिनीखाली असा चिखल नाही.

दुपारच्या चहाआधी माझ्या हातातल्या ढेकळाची एक कड वाकली. लाकूड वाकत नाही. बोटाने पुसलं तर दाट शिवण दिसली, मग खिळ्यांची एक रांग. पर्यवेक्षक मुलगी आली, तिने पाण्याचा फवारा मारायला सांगितलं आणि माझ्या बाजूला गुडघ्यावर बसली. पुढचा तासभर आम्ही दोघींनी मिळून चप्पल मोकळी केली. टाचेचा भाग झिजलेला, बाहेरच्या अंगाने जास्त. चालताना पाय बाहेर टाकणारा कोणीतरी. खिळ्यांच्या भोवती निळी भुकटी धरली होती. वर काढली तेव्हा ती पांढुरकी होती, हवेत निळी होत गेली. हे लोहाचं फॉस्फेट, विविआनाइट. हाडं, शेण आणि लोखंड एकत्र ओलं राहिलं की तयार होतं.

तळवा माझ्या तळहाताहून थोडाच मोठा. लहान मुलाचा.

इथे एक कायद्याची भानगड आहे. त्या काळात साध्या रोमन सैनिकाला लग्न करायची परवानगी नव्हती. कागदोपत्री किल्ला म्हणजे नुसते पुरुष. पण विंडोलांडाच्या बराकींच्या आतून बायकांची आणि पोरांची पादत्राणं निघत आली आहेत. कायदा काय म्हणत होता ते ग्रंथांत आहे आणि लोक कसे राहत होते ते चिखलात आहे. दोन्हींत फरक पडला तर मी चिखलावर विश्वास ठेवीन.

चपलेची जागा यंत्राने मोजली, क्रमांक पडला आणि ती पाण्याच्या डब्यात गेली. आता प्रयोगशाळेत तिच्यावर कित्येक महिने काम चालेल. चामडं उघड्यावर वाळू दिलं तर आक्रसून भुगा होतो. माझा तिच्याशी संबंध तिथेच संपला. फोटोसुद्धा घाईत काढलेला, त्यात चिखल जास्त आणि चप्पल कमी.

गुरुवार

सकाळी वरच्या चरात, काही विशेष नाही. जेवणानंतर सुट्टी घेऊन खालच्या ओढ्याकाठचं संग्रहालय बघितलं आणि ते बंद होईपर्यंत बाहेर आले नाही.

1973च्या मार्चमध्ये रॉबिन बर्लीला एका चरात लाकडाच्या पातळ चिपा चिकटलेल्या दिसल्या. दोन चिपा सुट्या केल्यावर आत शाईची अक्षरं. तोवर समज असा की रोमन लोक मेणाच्या पाट्यांवर आणि पपायरसवर लिहीत. या चिपा बर्च आणि आल्डरच्या, पोस्टकार्डाएवढ्या, एक ते तीन मिलिमीटर जाड, मधोमध दुमडून बाहेर पत्ता लिहिलेल्या. शाई काजळीची, म्हणून अवरक्त किरणांच्या फोटोत काळीभोर उठून दिसते. ॲलन बोमन आणि डेव्हिड थॉमस यांनी वर्षानुवर्षं बसून ही लिपी लावली. आपल्याकडची मोडी वाचणारी मंडळी त्यांची तगमग ओळखतील: भरभर लिहिलेलं, शब्द एकमेकांत घुसलेले, आणि लिहिणारा माणूस आपण दोन हजार वर्षांनी वाचले जाणार आहोत याची यत्किंचित पर्वा न करणारा.

मजकूर काय? टुंग्रियन (आजच्या बेल्जियमकडच्या) पलटणीचा 18 मेचा हजेरीपट. एकूण 752, त्यातले 456 बाहेरगावी, जागेवर 296. जागेवरच्यांपैकी 31 कामाला नालायक: आजारी 15, जखमी 6 आणि डोळे आलेले 10. ऑक्टेव्हियस नावाच्या एका व्यापाऱ्याचं पत्र, पैसे पाठवा नाहीतर माझी अनामत बुडेल आणि अब्रूही जाईल, कातडी आणायला गेलो असतो पण रस्ते खराब आहेत. मास्क्लुस नावाचा घोडदळातला अंमलदार किल्लेदार सेरियालिसला उद्याचे हुकूम विचारतो आणि शेवटी हळूच घालतो की आमच्या माणसांची बिअर संपली आहे, पाठवायची व्यवस्था व्हावी. कोणीतरी कोणालातरी मोजे, दोन जोड सँडल आणि दोन चड्ड्या पाठवल्या आहेत. एका टिपणात स्थानिक ब्रिटिश लोकांचा 'ब्रिटुंकुली' असा उल्लेख आहे, म्हणजे हे चिल्लर ब्रिटिश. पुढे जगभर साहेबी केलेल्यांना त्यांच्याच बेटावर कोणीतरी असं म्हणून ठेवलंय हे वाचून मला जो आनंद झाला तो फारसा उदात्त नव्हता.

आणि क्लॉडिया सेवेराचं पत्र. शेजारच्या ठाण्याच्या अंमलदाराची बायको, इसवी सन 100च्या सुमाराची. सेरियालिसच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, 11 सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचं आमंत्रण देते. पत्र कारकुनाने सुबक अक्षरात लिहिलंय, पण खाली उजवीकडे सेवेराने स्वतः चार ओळी टाकल्या आहेत: वाट बघते बहिणी, नीट राहा. अक्षर गिचमिड, ओळी उतरत गेलेल्या. स्त्रीच्या हातचं लॅटिन लेखन म्हणून आज उपलब्ध असलेल्यांत हे सर्वांत जुन्यांपैकी.

मला मात्र थांबवलं ते एका हिशेबाच्या चिपेने. पलटणीतल्या लोकांची उधारी, नाव आणि रक्कम. त्यात टाप्पोचा मुलगा गाम्बाक्स, मिरे, दोन डिनारी (रोमन चांदीची नाणी). मिरे म्हणजे मलबारचे. मुझिरिसच्या बंदरातून मोसमी वाऱ्यावर तांबडा समुद्र, तिथून उंटांवरून नाईल, मग अलेक्झांड्रिया, मग सगळा युरोप ओलांडून या पावसाळी टेकडीवर, आणि घेणारा कोण तर साम्राज्याच्या वेशीवरचा, आजच्या नेदरलँड-बेल्जियमकडून भरती झालेला साधा शिपाई, तोही उधारीवर. ग्रंथकार मिऱ्याच्या व्यापाराबद्दल लिहितात तेव्हा रोममधल्या श्रीमंतांच्या मेजवान्या डोळ्यांपुढे येतात. गाम्बाक्सने आपले मिरे बहुधा सातूच्या लापशीत टाकले असतील.

या चिपांचा मोठा भाग ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, इथे थोड्याच, काचेमागे मंद प्रकाशात. सेवेराचं पत्रही लंडनलाच. मला ते बरोबर वाटत नाही. लंडनच्या दालनात ती हजारो वस्तूंतली एक वस्तू होते. इथे खिडकीतून तो खंदक दिसतो.

आणि हे सगळं टिकलं का, तर कोणी जपून ठेवलं म्हणून नव्हे. सेरियालिसची बटावियन (आजच्या नेदरलँडकडची) पलटण 105 मध्ये डॅन्यूबकडच्या लढाईला निघाली तेव्हा त्याच्या कचेरीतल्या टाकाऊ चिपा पेटवून दिल्या होत्या. आग मध्येच विझली, पावसाने विझली असावी असं मानतात. उरलेलं चिखलात गेलं.

शुक्रवार

मोजमापं आणि नोंदी. चराची उभी बाजू फवारा मारून साफ करायची म्हणजे थर वेगळे दिसतात, मग आलेखाच्या कागदावर उतरवायचे. माझी रेघ मास्तरांनी तीन ठिकाणी खोडली. बाकी दिवस गाडी ढकलण्यात गेला.

शनिवार

भिंत बघितल्याशिवाय कसं जायचं? स्टील रिगपासून हाउसस्टेड्सच्या रोमन किल्ल्यापर्यंत भिंतीकडेने चालले. 2023च्या सप्टेंबरमध्ये रात्रीतून कापलेल्या प्रसिद्ध सिकॅमोर झाडाचा बुंधा वाटेत आहे, त्याला नवी पालवी फुटलेली. लोक गटागटाने उभे राहून फोटो काढत होते. हाउसस्टेड्सला सार्वजनिक शौचालयाची दगडी नाली शाबूत आहे, आणि बुधवारच्या लाकडी बैठकीनंतर तिथे उभं राहिल्यावर फारशी कल्पना करावी लागत नाही.

दुपारी मास्तरांनी गाडीतून मॅग्नाला नेलं. ग्रीनहेडजवळचा हा दुसरा किल्ला, त्याच ट्रस्टच्या ताब्यातला. 2023 पासून तिथे खोदकाम सुरू आहे आणि कारण घाईचं आहे: पाणथळ जमीन सुकत चालली आहे. ओल उतरली की भेगा पडतात, भेगांतून हवा जाते, आणि दोन हजार वर्षं अडवून धरलेली कुजण्याची क्रिया चालू होते. ओल मोजायला जमिनीत शलाका पुरल्या आहेत, शेजारी हवामानाची खोकी. इथल्याच खंदकातून 2025 मध्ये तीस सेंटिमीटरहून लांब तळव्याचे बूट निघाले आणि एवढे मोठे पाय कोणाचे यावर सगळीकडे चर्चा झाली.

कुंपणापाशी आमचा वाद झाला. मास्तरांचं मत असं की शक्य तेवढं जमिनीतच राहू द्यावं. अवरक्त फोटो नसते तर चिपा कोऱ्या म्हणून फेकल्या गेल्या असत्या, उद्या याहून चांगलं तंत्र येईल, आपण आज हावरटपणा करू नये. मी म्हटलं, उद्याचं तंत्र येईपर्यंत चामड्याचा भुगा झाला तर ते तंत्र कशाला लावणार? जे ओलं आहे ते ठेवा, जे सुकतंय ते आत्ता काढा. त्यांना पटलं नाही. हॉल्टव्हिसल स्टेशनात मला सोडेपर्यंत त्यांनी मुद्दा सोडला नाही. पुढच्या मोसमासाठी मात्र त्यांनी मॅग्नाच्या यादीत नाव घालायचं ठरवलंय, आणि अर्ज कुठल्या दिवशी उघडतात ते मला दोनदा बजावून सांगितलं.